मिरीगोदामाची अनवाणी फेरी

म्पोक साओदाने, म्हणजे साओदाताईने, वस्तीतल्या सतरा बायकांना सगळं बजावून ठेवलं होतं. नारिंगी ओढण्या सगळ्यांनी सारख्या बांधायच्या. वाटेत कुणी हरवायचं नाही. संग्रहालयात कशाला हात लावायचा नाही, मोठ्याने हाका मारायच्या नाहीत. आणि आदल्या दिवशी जेंगकोलची भाजी खाल्ली असेल तर सरळ घरी बसायचं, कारण त्या बियांचा वास चोवीस तास तोंडातून जात नाही आणि बंद दालनात तो माणसाच्या आधी पोचतो.

"म्हणजे आम्ही जेवायचंच नाही म्हण की," नफ्सिया म्हणाली. नफ्सिया साओदाची भिंतीला भिंत लागून शेजारीण. शिंपले सोलताना तिचा हात जेवढा चाले, त्याच्या दुप्पट तिची जीभ चाले.

"एक दिवस जेंगकोल नाही खाल्लंस तर मरणार नाहीस."

"मी कशाला मरतेय? नवरा गडबडेल माझा. बाजूला भलतीच कोण येऊन झोपली म्हणून."

चिलिंचिंगच्या समुद्रकाठी शिंपले सोलणाऱ्या त्या बायका खदाखदा हसल्या. साओदाही हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. गेला महिनाभर तिला नीट जेवणही जात नव्हतं.

त्याचं कारण मिरीगोदाम. जुन्या शहरात, फताहिल्ला चौकापासून दोन गल्ल्या सोडून, डचांच्या काळातलं मिऱ्यांचं मोठं कोठार होतं. त्याचं आता संग्रहालय झालं होतं. साओदाने तिथली फरशी सव्वीस वर्षं पुसली. रोज मागच्या दाराने आत जायचं, बादली भरायची, सहा दालनं पुसायची आणि मागच्या दाराने बाहेर पडायचं. बादल्यांच्या खोलीत भिंतीवर एक पाटी ठोकलेली होती: सफाई कामगारांनी पाहुण्यांशी बोलू नये. खाली सही संग्रहालयाच्या प्रमुखांची, बापाक प्रसोजोंची. साओदाने सव्वीस वर्षांत तो नियम एकदाच मोडला. एका चिमुरडीने विचारलं, इथली लाकडं अशी खाली का गेलीत? साओदा गुडघ्यावर बसून सांगायला लागली आणि तेवढ्यात मुकादम आला. त्याने त्या मुलीच्या देखत तिला असं झापलं, की त्यानंतर तिने तिथे चकार शब्द काढला नाही. छप्पन्न पूर्ण झाली, तशी ठेकेदाराने तिला एक थर्मास देऊन घरी पाठवलं.

आणि आता दोन वर्षांनी त्याच संग्रहालयाला चार मार्गदर्शक हवे होते. वयाची अट नाही, शिक्षणाची नाही. लोक दुसऱ्या दालनापर्यंत येतात आणि पळून जातात, हे संग्रहालयाचं जुनं दुखणं होतं. म्हणून परीक्षाही तशीच ठेवलेली. आपले पाहुणे आपण आणायचे, निदान पंधरा. एका तासात सहाही दालनं दाखवायची. शेवटच्या दालनात जितकी डोकी उरतील तितके गुण. वाटेत दुसरं कुणी येऊन मिळालं आणि शेवटपर्यंत राहिलं, तर तेही धरायचं.

साओदाला ती जागा हवी होती. पोट काय, शिंपल्यांवरही भरत होतं. तिला त्या दालनांत उभं राहून मोठ्याने बोलायचं होतं, बस. एवढीशीच इच्छा, पण कुणाला सांगायचं म्हटलं तर तिला रडू फुटेल की काय अशी भीती वाटायची. म्हणून तिने वस्तीत सांगितलं, "सहल आहे."

सहल म्हटल्यावर नफ्सियाने अट घातली. "आधी मोनासचा मनोरा. अख्खा जन्म जकार्तात गेला आणि मोनास पाहिलं ते बसच्या काचेतून. आधी त्या सोन्याच्या ज्योतीपर्यंत वर न्यायचं. मग तुझी जळमटं दाखव हवी तितकी."

बाकीच्या सोळाजणींनी माना डोलावल्या. साओदाला मान्य करावंच लागलं.

शनिवारी सकाळी साडेआठला त्या मोनासपाशी पोचल्या. लिफ्ट एकच, माणसं मावतात अकरा आणि पुढे रांगेत निदान दोनशे लोक. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. नारिंगी ओढण्यांखाली घाम वाहत होता आणि नफ्सिया पुढच्या अनोळखी माणसाला आपल्या सुनेचे पराक्रम सांगत होती. दहाला पाच कमी असताना साओदाने सगळ्यांना रांगेतून बाहेर ओढलं.

"अगं, आता फक्त साठ माणसं राहिली होती!" नफ्सिया कडाडली.

"अकराला माझी वेळ आहे."

"कसली वेळ? जळमटं काय उठून जाणारेत?"

तेव्हा तिथे भर उन्हात, त्या उंच खांबाच्या सावलीलाही उभं न राहता, साओदाने सगळं सांगितलं. परीक्षा, पाटी, ती चिमुरडी, मुकादम, सगळं. 

"मग हे आधी सांगायला तुझं तोंड काय शिवलं होतं?" नफ्सिया म्हणाली आणि वळून बाकीच्यांवर ओरडली, "चला गं! बघताय काय? बस निघाली तर पळायला लावीन सगळ्यांना!"

तरी फताहिल्ला चौकात घोटाळा व्हायचा तो झालाच. अंगाला रुपेरी रंग फासून पुतळ्यासारखा उभा राहणारा एक माणूस होता. तो खरा की खोटा यावरून दोघींची पैज लागली आणि एकीने त्याला चिमटा काढून बघितला. तो खरा निघाला. पुढे केराक तेलोरवाला निखाऱ्यांवर कढई उलटी धरून अंडं-भात खरपूस करत होता. त्या वासाने पाचजणी जागच्या जागी खिळल्या. त्यांना हाताला धरून, ढकलून, बापजादे काढून साओदाने पुढे नेलं. मिरीगोदामाच्या दाराशी त्या पोचल्या तेव्हा अकराला दोन मिनिटं होती.

आधीचा उमेदवार तेवढ्यात बाहेर येत होता. गलांग नावाचा विद्यापीठातला मुलगा, कानाला माइक, हातात टॅब्लेट, अभ्यास दांडगा. वीस मित्र घेऊन आला होता. वर, शेवटच्या दालनात पोचले ते नऊ. बाकीचे समोरच्या कॉफीच्या दुकानात थंड हवेला बसलेले इथूनच दिसत होते.

"शुभेच्छा, बु," आईला म्हणावं तशा आदराने तो हसून म्हणाला. "वर फार उकडतंय. सांभाळा."

साओदाने मनात हिशेब केला. एवढा शिकलेला पोरगा आणि नऊ! आपल्याजवळ ना माइक, ना टॅब्लेट. आत टेबलाशी परीक्षक बु वेनिंग बसल्या होत्या. उंच टाचांचे बूट, नाकावर चष्मा आणि त्या नाकावर माशी बसायची छाती नाही असा चेहरा.

"नाव?"

"साओदा."

"पाहुणे किती?"

"सतरा."

"घड्याळ सुरू केलंय." बु वेनिंगनी घड्याळाचं बटण दाबलं, मान वर केली आणि त्यांच्या भुवया कपाळाला भिडल्या. "हे काय?"

साओदा वळली. दाराबाहेर पायरीवर सतरा जोड चपला ओळीने काढून ठेवलेल्या होत्या. सतरा बायका तेलकट काळ्या सागवानी फळ्यांवर अनवाणी उभ्या. इतकी चकचकीत जमीन दिसल्यावर चपला काढायच्या, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. पाय आपोआप चपलेबाहेर आले होते. रागावायला तिने तोंड उघडलं आणि तिला त्या ओळीत अठरावा जोड दिसला. सगळ्यात पहिला. तिचाच होता. सव्वीस वर्षं ओल्या फरशीवर अनवाणी वावरलेली बाई, आत पाऊल टाकताना तिने स्वतःच आधी चपला काढल्या होत्या आणि बाकीच्यांनी तिचं पाहून.

"बु साओदा, ही मशीद नाही," बु वेनिंग म्हणाल्या. "पाहुण्यांना चपला घालायला सांगा. फळ्यांमध्ये खिळे आहेत."

"आणि घड्याळ?"

"ते चालू झालं."

सतराजणी. त्यात जाड्या रोहमाला वाकायला दोन माणसं लागत. पाच मिनिटं सहज गेली असती. शिवाय टेबलामागचा एक कारकून तोंडावर हात ठेवून हसत होता. साओदा मनातल्या मनात स्वतःवर चडफडली. सगळं सांगितलं, जेंगकोलसुद्धा सांगितलं, आणि हेच कसं राहिलं?

"घालू का गं परत?" नफ्सियाने हळूच विचारलं. तिच्या आवाजात आज पहिल्यांदा टोमणा नव्हता.

साओदाचा उजवा पाय दारालगतच्या एका घळीत बसला होता. रोज पोछा पिळताना ती नेमकी तिथेच उभी राहायची. तळव्याला ती घळ लागली आणि तिचा जीव थाऱ्यावर आला.

"नको," ती म्हणाली. "खिळे कुठे आहेत ते मला माहीत आहे."

मग ती वळली आणि त्या दालनात, आयुष्यात दुसऱ्यांदा, मोठ्याने बोलली. "बायांनो, डोळे मिटा. उजवा पाय पुढे सरकवा. हळू. काय लागतंय?"

"खड्डा," कुणीतरी म्हणालं.

"खड्डा नाही गं, चर आहे. लांब जातोय."

"आता डावा पाय सरकवा."

"अगं बाई, इथे पण आहे!"

"ती हातगाडीची चाकं," साओदा म्हणाली. "मिऱ्यांची पोती लादलेली. दीडशे वर्षं गाड्या इथूनच आत आल्या. वर भिंतीवर साहेबांच्या तसबिरी आहेत, नाव, गाव, मिश्या, सगळं आहे. गाडी ओढणाऱ्यांची एक तसबीर नाही. पण ते कुठून चालले ते तुमच्या तळव्याला आत्ता कळलं की नाही?"

कळलं होतं. नफ्सियाने तर डोळे उघडलेच नाहीत. चरातून चालत ती थेट पुढच्या दालनाच्या उंबऱ्यापर्यंत गेली.

दुसऱ्या दालनात दगडी फरशी होती. "हे दगड इथले नाहीत. जहाज रिकामं आलं तर डुलतं, म्हणून पोटात दगड भरून आणायचे आणि मिरी भरून न्यायचे. उभ्या राहा. ऐन दुपारी गार आहेत ना? इथेच बसून सव्वीस वर्षं मी डबा खाल्ला." जाडी रोहमा तिथेच फतकल मारून बसली. तिला उठवायला दोनऐवजी चार माणसं लागली. आणि साओदाच्या लक्षात आलं, की त्या चारांतली दोन माणसं आपल्या ओळखीची नाहीत. एक बाप, एक आई, मागे तीन पोरं. सगळी अनवाणी.

बाहेर काय चाललं होतं ते तिला नंतर पहारेकरी बांग सुरिपने सांगितलं. बेकासीहून आलेलं ते कुटुंब पायरीपाशी थबकलं. अठरा जोड चपला ओळीने मांडलेल्या पाहिल्यावर बूट घालून आत कोण जाणार? त्यांनी काढले. सुरिप म्हणाला, अहो, काढायची गरज नाही. त्यांना वाटलं, हा नुसता भिडेने बोलतोय. त्यांच्या मागून बांडुंगच्या शाळेतल्या शिक्षिका आल्या, बावीसजणी. समोर तेवीस जोड. त्यांनीही काढले. मग चौकातून येणारा प्रत्येकजण काढायलाच लागला. शेवटी सुरिपने हात टेकले आणि चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवायचं काम हाती घेतलं.

आत आलेल्या अनवाणी माणसांना पुढे अनवाणी घोळका दिसे. मग जायचं कुठे हा प्रश्नच उरत नसे.

साओदाच्या मागे सुरुवातीपासून एक आवाज होता, टॉक, टॉक, बु वेनिंगच्या टाचांचा. तिसऱ्या दालनात साओदा सांगत होती, की इथली तिसरी फळी खरखरीत लागते कारण खाली डांबर उकळायची भट्टी होती, तिचा धूर अजून लाकडात आहे, वाका आणि हुंगा. माणसं वाकली. पोरं तर आडवी झाली. आणि ती पुढे निघाली तेव्हा टॉक, टॉक थांबलेलं होतं. तिने वळून पाहिलं नाही. पण तिला इतकं हसू आलं, की एका खिळ्यावर तिचाच पाय पडता पडता राहिला.

चौथ्या दालनात गर्दी एवढी, की मागच्यांना ऐकू जाईना. नफ्सियाने तो प्रश्न सोडवला. साओदाचं प्रत्येक वाक्य ती मागे वळून जसंच्या तसं ओरडून सांगू लागली, वर स्वतःची भर घालून. "म्हणतेय, इथे पहारेकरी पाय आपटायचे! आमच्या ह्यांच्यासारखे, काम काही नाही, आपटणं फक्त!" बांडुंगच्या शिक्षिका पोट धरधरून हसत होत्या.

शेवटचं दालन माडीवर. गलांग म्हणाला होता तसं तिथे उकडत होतं, पण कुणी मागे फिरलं नाही. मधोमध छताला टांगलेला भला मोठा तराजू. साओदा त्याच्यापाशी थांबली. तिचा आवाज आता बसत आला होता.

"तराजूच्या ह्या बाजूला उभ्या राहा," तिने खूण केली. "फळी कशी आहे?"

"सपाट."

"इथे कारकून खुर्चीत बसायचा. आता त्या बाजूला जा, एकेक करून."

त्या बाजूला फळीत दोन खळगे होते. पाऊल ठेवलं की बरोबर बसणारे, टाच खोल, बोटं उथळ. पाठीवर पोतं घेऊन वजनाची वाट बघत उभ्या राहणाऱ्या हमालांनी पिढ्यान् पिढ्या तिथेच पाय रोवले होते. माणसं एकामागून एक त्या खळग्यांत उभी राहू लागली. कुणी हसलं नाही. नफ्सिया उभी राहिली आणि बराच वेळ उतरेचना.

"आमच्या धक्क्यावर, शिंपल्यांच्या काट्यापाशी असेच पडलेत," ती शेवटी म्हणाली. "वजन करून घेणारा उभाच असतो गं."

"हेच," साओदा म्हणाली. "हेच मला त्या पोरीला सांगायचं होतं."

आणि तिचे डोळे भरून आले. भरू दिले तिने. एवढ्या वर्षांनी बोलायला मिळालंय, तर रडायलाही मिळालं.

त्याच वेळी तराजूमागचं दार उघडलं. ती बापाक प्रसोजोंची खोली. एवढी माणसं कशी आली म्हणून ते बघायला बाहेर पडले होते. दारातच थांबले. समोर साठ-पासष्ट माणसं आणि सगळ्यांचे पाय उघडे. त्यांची परीक्षकही बूट हातात धरून उभी. त्यांना कुणी काही म्हणालं नाही. तरी त्यांनी एकदा आपल्या बुटांकडे पाहिलं, खाली वाकले, नाड्या सोडल्या, बूट दारात ठेवले आणि मोज्यांवर पुढे आले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"इथे काय बघताय सगळे?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी साओदाकडे पाहिलं. आणि साओदाचं तोंड मिटलं. तिचा हात सवयीने बाजूला पोछा शोधू लागला. भिंतीवरची ती पाटी, ती सही, सगळं डोळ्यांपुढे आलं. मग नफ्सियाचं कोपर तिच्या बरगडीत असं काही बसलं, की सव्वीस वर्षांचं सगळं एकदम सुटलं.

"आधी मोजे काढा, बापाक," ती म्हणाली. "मोज्यातून कळणार नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बापाक प्रसोजोंनी एका हाताने तराजूची साखळी धरून आधी एक, मग दुसरा मोजा काढला आणि ती दाखवेल तिथे, त्या दोन खळग्यांत, पाय ठेवले.



"माझ्या दाराबाहेर," ते हळूच म्हणाले. "मी रोज ह्यावरून जातो."

"बूट घालून, बापाक."

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी इथे सव्वीस वर्षं फरशी पुसली. आणि बोलायला मनाई होती, म्हणून सगळं साठलं."

त्यांनी मान खाली घातली. ती पाटी त्यांना आठवली असावी, कारण कान लाल झाले होते. बु वेनिंगनी बूट बगलेत मारले आणि डोकी मोजली. एकदा मोजली, खात्रीसाठी पुन्हा मोजली आणि कागदावर त्रेसष्ट लिहिलं. मग त्यांची नजर प्रमुखांच्या उघड्या पायांकडे गेली. त्यांनी तो आकडा खोडला आणि चौसष्ट लिहिलं. साओदा सात उमेदवारांतली शेवटची; दुसऱ्या नंबरला होता गलांग, नऊ.

वस्तीच्या बायकांनी जो गलका केला, तो थेट चौकात ऐकू गेला म्हणतात. त्या रुपेरी पुतळ्यानेही मान वळवली, हे सांगायला बांग सुरिप साक्षीला होता. जाड्या रोहमाने साओदाला उचललं. नफ्सिया रडत होती आणि घाम आलाय म्हणून सांगत होती.

"बु साओदा," बापाक प्रसोजो मोजे खिशात कोंबत म्हणाले, "सोमवारपासून याल?"

साओदाने ओढणी सारखी केली. आपण काय बोलणार आहोत ते तिला बोलायच्या आधीच कळलं आणि तिचा चेहरा फुलून आला.

"सोमवारी आपण बंद असतो, बापाक," ती म्हणाली. "मंगळवारी येते. पुढच्या दाराने."

आणि नारिंगी ओढण्यांची ती वरात आपापल्या चपला शोधत मोनासच्या बसकडे निघाली.